‘हार्लेम नाइट्स’: एका फसलेल्या चित्रपटाकडे पुन्हा पाहताना

रात्रपाळी (धागाकर्ता)

अमेरिकन विनोदवीर एडी मर्फीचा ‘हार्लेम नाइट्स’ मी पहिल्यांदा पाहिला तो १९९२ च्या आसपास, गिरगावातल्या एका व्हिडिओ लायब्ररीतून दहा रुपये भाड्याने आणलेल्या कॅसेटवर. चित्र हिरवट दिसत होते, संवाद निम्मेअधिक डोक्यावरून जात होते, आणि ज्याच्या तोंडाचा पट्टा ऐकण्यासाठी ती कॅसेट आणली होती तो मर्फी या चित्रपटात सुटाबुटात, कपाळाला आठ्या घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी कॅसेट परत करताना दुकानदाराने ‘कसा आहे?’ असे विचारले, तेव्हा ‘कपडे छान आहेत’ एवढेच मी सांगितले. ते मत अगदीच पोरकट नव्हते, असे पुढे कळले. १९८९ सालच्या या चित्रपटाला ऑस्करचे एकमेव नामांकन मिळाले ते जो टॉम्पकिन्स यांच्या वेशभूषेसाठी, आणि त्याच वर्षीच्या सर्वांत वाईट पटकथेचा ‘रॅझी’ हा टवाळीचा पुरस्कारही याच चित्रपटासाठी मर्फीच्या पदरात पडला.

गेल्या महिन्यात तो पुन्हा एका बैठकीत पाहिला. दोष जिथल्या तिथे आहेत. कथा मध्येच रेंगाळते, काही विनोद दोनदा येतात, आणि दिग्दर्शक म्हणून मर्फीला कॅमेरा कुठे ठेवायचा हे कळण्यापेक्षा सेट किती सुंदर आहे हे जास्त कळते. तरीही या वेळी मला त्यात असे काही दिसले जे तेव्हा दिसणे शक्यच नव्हते, म्हणून हा धागा.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. सुरुवात १९१८ सालच्या हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होते. शुगर रे हा माणूस फाशांचा अड्डा चालवतो आहे. हरलेला एक जुगारी चाकू घेऊन त्याच्या अंगावर येतो आणि तिथे आलेला एक लहान मुलगा त्या जुगाऱ्याला सरळ गोळी घालतो. पोरक्या मुलाला रे घरी नेतो आणि त्याचे नाव पडते क्विक. त्यानंतर एकदम १९३८ उजाडते. रे (रिचर्ड प्रायर) आणि क्विक (एडी मर्फी) आता एका भरभराटीला आलेल्या नाइटक्लबचे मालक आहेत. खाली नाच आणि गाणे, आत जुगाराची टेबले, आणि व्हेरा नावाच्या बाईंच्या (डेला रीस) देखरेखीखाली चालणारा कुंटणखाना. बग्सी कॅलहून (मायकेल लर्नर) या गोऱ्या गुंडाला या धंद्यात मोठा वाटा हवा असतो, आणि त्याच्या वतीने एक लाचखाऊ पोलीस अधिकारी (डॅनी आयेलो) दमदाटी करायला येऊ लागतो. लढून भागणार नाही हे रे ओळखतो. शहर सोडायचेच आहे, तर जाता जाता कॅलहूनच्याच खिशातून वाटखर्च काढावा, असे तो ठरवतो, आणि मुष्टियुद्धाच्या एका लढतीवर लागणाऱ्या पैजेच्या पैशाभोवती सगळा डाव रचला जातो.

कथा एवढीच. पण क्लबमधल्या टेबलाभोवती कोण बसले आहे ते पाहा. रेड फॉक्सचा जन्म १९२२ चा, प्रायरचा १९४० चा आणि मर्फीचा १९६१ चा. अमेरिकन कृष्णवर्णीय विनोदाच्या तीन पिढ्या एका चौकटीत आहेत, आणि त्या एकमेकांच्या केवळ समकालीन नाहीत, एकमेकांच्या अन्नाला जागलेल्या आहेत. फॉक्सने १९५० च्या दशकात चावट विनोदांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, ज्या दुकानात काउंटरखालून मिळत आणि घरी पाहुणे जमल्यावर, मुले झोपल्यानंतर लावल्या जात. लॉस एंजेलिसमध्ये त्याने स्वतःचा क्लब काढला, त्या क्लबात तरुण प्रायर आपले कार्यक्रम करत असे. पुढे फॉक्सची ‘सॅनफर्ड अँड सन’ ही दूरचित्रवाणी मालिका गाजली, तेव्हा तिच्या काही भागांच्या लेखनात प्रायरचा हात होता. मर्फीने १९८७ सालच्या ‘रॉ’ या एकपात्री कार्यक्रमात प्रायरला आपला आदर्श म्हणून उभे केले आहे. एका ज्येष्ठ विनोदवीराने शिवराळपणाबद्दल आपल्याला फोनवर खडसावले आणि आपण लगेच प्रायरला फोन लावून गाऱ्हाणे सांगितले, हा किस्सा त्यात आहे. घरातल्या धाकट्याने मोठ्या काकांची तक्रार मधल्या काकांकडे न्यावी, तसा तो प्रकार आहे.

आता चित्रपटातला एक प्रसंग जवळून पाहू. फॉक्सने रंगवलेला बेनी हा फाशांच्या टेबलावरचा माणूस आहे. त्याला दिसेनासे झाले आहे आणि तो ते कबूल करत नाही. फाशांवरचे ठिपके ज्याने वाचून सांगायचे त्यालाच ते दिसत नाहीत, हा विनोद मर्फीने चटकन सांगून संपवला असता तर तो लिहिलेला विनोद राहिला असता. त्याने तसे केलेले नाही. फॉक्स आणि डेला रीस यांना त्याने समोरासमोर आणून सोडून दिले आहे. दोघे भांडतात, एकमेकांच्या वयाचा, शरीराचा, डोळ्यांचा उद्धार करतात, आणि त्यांच्या बोलण्याला असा ताल आहे की शब्द अर्धे कळले तरी सम कुठे आहे ते कळते. मर्फी आणि प्रायर अशा वेळी बाजूला उभे राहून ऐकत असतात. त्या दोघांच्या चेहऱ्यावरचे हसू मला पात्रांचे वाटले नाही. माझे म्हणणे असे आहे की या चित्रपटाचा खरा विषय ते ऐकणे हा आहे, आणि गुंडांची कथा हे त्यासाठी घेतलेले निमित्त आहे. समीक्षकांनी १९८९ साली निमित्ताला गुण दिले आणि ते कमी पडले, यात त्यांचीही चूक नाही.

इतरांनी पाहिला असल्यास काय वाटले, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

कडू कारले

धागा आवडला, प्रतिपादन पटले नाही. पंगतीला कोण कोण बसले होते यावरून स्वयंपाकाची चव ठरत नाही. गुंडाला गंडवून पैसे घेऊन पसार होण्याची ही रचना १९७३ च्या ‘द स्टिंग’ मध्ये कितीतरी सफाईने येऊन गेली होती. शिवाय ज्या तीन पिढ्यांचे आपण कौतुक करता त्यांच्यातल्या दोघांना मर्फीने फारसे विनोद दिलेलेच नाहीत: प्रायर संपूर्ण चित्रपटभर हिशेबनिसासारखा बसून आहे आणि मर्फी स्वतः रुसलेल्या जावयासारखा. हसवण्याचे काम फॉक्स, डेला रीस आणि पाहुणा म्हणून आलेला अर्सेनिओ हॉल यांच्यावर सोपवलेले आहे.

मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. या चित्रपटात स्त्रियांची जी वासलात लावली आहे, ती आज पाहवत नाही. व्हेराला क्विक मागच्या गल्लीत मारतो आणि तिच्या पायाच्या करंगळीवर गोळी झाडतो. कॅलहूनची प्रेयसी डॉमिनिक (जॅस्मिन गाय) हिला तर बिछान्यातच ठार करतो. ‘काळ तसा होता’ हे उत्तर कृपया देऊ नये, कारण १९८९ हा काही फार जुना काळ नव्हे.

रात्रपाळी

ते उत्तर देणार नाही. डॉमिनिकचा प्रसंग मला या वेळी अधिकच खटकला. ती क्विकला जेवायला आणि नंतर शय्येवर बोलावते ती त्याला मारण्यासाठी. तिने उशीखाली ठेवलेल्या पिस्तुलातल्या गोळ्या त्याने आधीच काढून घेतलेल्या असतात. ती चाप ओढते, काहीच होत नाही, आणि मग तो तिला मारतो. डाव आणि प्रतिडाव म्हणून हे लिहिताना मर्फीला गंमत वाटली असावी. पडद्यावर मात्र त्यात गंमतही नाही आणि भीतीही नाही. खऱ्या गुंडपटात या हत्येची सावली पुढच्या प्रसंगांवर पडली असती आणि खऱ्या विनोदी चित्रपटात ती घडलीच नसती. इथे ती घडते आणि पुढच्या दृश्यात सगळे पुन्हा थट्टामस्करी करू लागतात. हा दोष विचारांचा आहेच, पण त्याहून जास्त तो कारागिरीचा आहे, आणि दोन्हींची जबाबदारी एकाच माणसाची आहे, कारण लेखक आणि दिग्दर्शक तोच.

गल्लीतल्या मारामारीबद्दल मात्र मी थोडे वेगळे म्हणेन. मुलींच्या कमाईच्या हिशेबात तफावत आहे, म्हणजे व्हेरा पैसे खाते, असा संशय क्विक घेतो. ती त्याला बाहेर बोलावते. चिडून भांडणाऱ्या बाईचे हसे करणे हा सोपा मार्ग होता, आणि मर्फीने तो धरला नाही असेही नाही. पण डेला रीसने तो धरू दिलेला नाही. ती मुठी आवळून, पाय रोवून, मुष्टियोद्ध्यासारखी उभी राहते, आणि पहिले काही क्षण क्विक नुसता मार खातो. कचऱ्याच्या डब्याचा आधार घेण्याची वेळ त्याच्यावर येते. किशोरवयात महालिया जॅक्सनबरोबर गावोगाव भक्तिगीते गात हिंडलेली ही गायिका. पुढे ती धर्मोपदेशक झाली आणि ‘टच्ड बाय अ‍ॅन एंजल’ या मालिकेत देवदूत म्हणून कैक वर्षे घराघरांत दिसली. त्या मालिकेच्या प्रेक्षकांनी हा प्रसंग पाहिला असेल तर त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करून पाहावी.

पैलतीर

मी न्यूयॉर्कच्या शेजारच्या नेवार्क शहराजवळ राहतो, त्यामुळे एका ऐतिहासिक मुद्द्याची भर घालतो. बग्सी कॅलहून हे नाव कुठूनही आलेले असो, त्याचे वागणे न्यूयॉर्कच्या डच शुल्ट्झ या खऱ्या गुंडाचे आहे. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली, पण त्याच्या आधीपासूनच गोऱ्या टोळ्यांना पुढच्या उत्पन्नाची चिंता पडली होती, आणि शुल्ट्झची नजर हार्लेममधल्या आकड्यांच्या धंद्यावर गेली. तो धंदा तोवर बहुतांशी कृष्णवर्णीय मालकांच्या हातात होता. त्यांच्यातली सर्वांत गाजलेली मालकीण म्हणजे मादाम स्टेफनी सेंट क्लेअर. शुल्ट्झपुढे अनेकांनी मान तुकवली, पण या बाईने तुकवली नाही. ती वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन लाचखाऊ पोलिसांवर उघड आरोप करत असे. २३ ऑक्टोबर १९३५ च्या रात्री इथे नेवार्कमध्ये, पॅलेस चॉपहाउस या खाणावळीत, शुल्ट्झवर त्याच्याच जगातल्या माणसांनी गोळ्या झाडल्या. तो रुग्णालयात शेवटच्या घटका मोजत असताना सेंट क्लेअरने तार पाठवली: पेराल तेच उगवेल, या अर्थाचे बायबलमधले वचन. व्हेराच्या पात्रात मला या बाईची छटा दिसते, पण मर्फीने तिला धंद्याची मालकीण न करता मालकांची नोकरदार केले, ही संधी गमावली असे वाटते. खरा इतिहास पटकथेपेक्षा रंगतदार होता.

अर्धा चहा

पैलतीर यांनी आकड्यांच्या धंद्याचा उल्लेख केला म्हणून लिहावेसे वाटले. हार्लेममधला ‘नंबर्स’ आणि आपल्या मुंबईतला मटका यांचे नाते फक्त साम्याचे नाही, दोघांच्या कुंडलीत एकच शहर आहे. हार्लेममध्ये विसाच्या दशकात कॅस्पर होल्स्टीन याने अशी युक्ती काढली, असे सांगतात, की न्यूयॉर्क क्लिअरिंग हाउस या बँकांचे आपसातले हिशेब मिटवणाऱ्या संस्थेच्या रोज छापून येणाऱ्या उलाढालीच्या रकमांमधले ठरावीक अंक घेऊन तीन अंकी आकडा काढायचा. रक्कम बँकांची, छापणारे वर्तमानपत्र, त्यामुळे आकडा आतल्या आत फिरवल्याचा संशय कोणी घेऊ शकत नसे. मुंबईतही मटक्याच्या आधी जो ‘आकडा’ चाले तो न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. ते भाव मिळेनासे झाल्यावर साठच्या दशकाच्या सुरुवातीला पत्ते आणि मडके आले, आणि कल्याणजी भगत व रतन खत्री ही नावे घरोघरी पोहोचली.

आमचे आजोबा लालबागला गिरणीत होते. पाळी सुटल्यावर कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे चार आणे लावून, चिठ्ठीचा कपटा टोपीच्या घडीत ठेवून घरी येत. रात्री स्वप्नात काय दिसले यावरून कोणता आकडा लावायचा, याची चर्चा सकाळी नळावर चाले. हार्लेममध्येही स्वप्नांचे अर्थ आकड्यांत सांगणारी पुस्तके विकली जात, हे मी वाचले तेव्हा मला त्या वस्तीची पहिल्यांदा ओळख पटली. तिथे एका सेंटापासून खेळता येई. शक्यता हजारात एक, आणि लागला तर सुमारे सहाशेपट मिळत. मधल्या चारशेंत अड्डेवाल्याचा संसार, पोलिसांचा हप्ता आणि चिठ्ठ्या गोळा करणाऱ्याचे कमिशन.

चित्रपटात फासे आणि पत्ते आहेत पण आकडा नाही, याचे मला नवल वाटले. फासे दिसायला छान दिसतात, हे कारण असेल.

रात्रपाळी

अर्धा चहा, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा चांगला झाला आहे. एक भर घालतो. क्लिअरिंग हाउसने ते तपशील छापणे थांबवल्यावर हार्लेममधले आकडे घोड्यांच्या शर्यतीतल्या पैजांच्या एकूण रकमांवरून काढले जाऊ लागले, आणि तिथे शुल्ट्झच्या पदरी असलेल्या ऑटो बर्मन या गणितात तरबेज माणसाने ऐनवेळी पैसे लावून एकूण रक्कम हवी तशी फिरवण्याची कला साधली. जास्त लोकांनी लावलेला आकडा येऊ द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. ‘हार्लेम नाइट्स’ मध्ये एका गुंडाला फसवणे हा जो डाव रचला आहे, त्याच्यासमोर हा डाव, ज्यात अख्खी वस्ती रोज फसत होती, फार मोठा आहे.

सातवी खिडकी

मला एक शंका आहे. १९३८ साली हार्लेममध्ये इतका झगमगीत क्लब कृष्णवर्णीयांच्या मालकीचा असू शकत होता का, की हे मर्फीचे स्वप्नरंजन आहे? हार्लेममधल्या प्रसिद्ध कॉटन क्लबबद्दल जे वाचले आहे त्यावरून चित्र अगदी उलटे वाटते: मंचावर कृष्णवर्णीय जॅझवादक ड्यूक एलिंग्टन, नाचणाऱ्या मुलीही कृष्णवर्णीय, आणि समोर टेबलांवर फक्त गोरे. मालक ओनी मॅडन हा गोरा गुंड. कृष्णवर्णीय माणसाला आत शिरायचे तर वाद्य घेऊन किंवा ताट घेऊन.

पायपीट

१९३८ या सालाबद्दल एक लहानशी नोंद. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जो लुईने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत झोपवले. त्या रात्री हार्लेमचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. त्यामुळे डाव मुष्टियुद्धाच्या लढतीभोवती रचणे आणि ती लढत त्याच वर्षी घडवणे हे मला अर्थपूर्ण वाटते. चित्रपटातला विजेता जॅक जेन्किन्स (स्टॅन शॉ) बोलताना अडखळतो, आणि त्यावर विनोद फार ताणला आहे, ही गोष्ट वेगळी.

रात्रपाळी

सातवी खिडकी, शंका रास्त आहे आणि उत्तर ‘हो, असू शकत होता’ असे आहे. सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर १३५ व्या रस्त्यापाशी १९२५ साली सुरू झालेला ‘स्मॉल्स पॅरडाइज’ हा क्लब एड स्मॉल्स या कृष्णवर्णीय माणसाच्या मालकीचा होता, आणि तिथे गोरे-काळे सगळे येत. तिथले वेटर हातात ताट धरून चार्ल्स्टन नाचत टेबलापर्यंत यायचे. चित्रपटातल्या एका पात्राचे नाव टॉमी स्मॉल्स असे आहे, तो योगायोग असेल असे मला वाटत नाही. याच क्लबात चाळीसच्या दशकात माल्कम लिटल नावाचा तरुण वेटर होता, जो पुढे कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स झाला. आणि गंमत अशी की त्याच सुमारास हार्लेममधल्या एका कोंबडीच्या खाणावळीत माल्कमच्या बरोबरीने भांडी घासणारा त्याचा दोस्त जॉन सॅनफर्ड म्हणजे आपला रेड फॉक्स. माल्कमने आत्मचरित्रात त्याचा उल्लेख फार मजेदार माणूस म्हणून केलेला आहे. म्हणजे या चित्रपटात जे हार्लेम लॉस एंजेलिसच्या सेटवर रंगवून उभे केले आहे, ते त्यातल्या एका नटाने खरकट्या ताटांच्या बाजूने पाहिलेले होते. त्याला दिलेली भूमिका आंधळ्या होत चाललेल्या माणसाची आहे, आणि तिथल्या सगळ्यांमध्ये खरे हार्लेम पाहिलेला तो होता.

मालकीचा मुद्दा निघाला म्हणून माझ्या मूळ म्हणण्याकडे येतो. १९८८ च्या ‘कमिंग टू अमेरिका’ नंतर मर्फी इतक्या उंचीवर होता की पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने त्याला सुमारे ३ कोटी डॉलर देऊन हवे ते करू दिले. त्याने काय केले? त्याने ज्या माणसांची नक्कल करत तो मोठा झाला त्यांना एकत्र बोलावले. सख्खा भाऊ चार्ली मर्फी, त्या वेळी नव्याने नाव होत असलेला रॉबिन हॅरिस, संगीताला हर्बी हँकॉक. आणि कथा लिहिली ती अशा क्लबाची, जो बाहेरचा माणूस बळकावू पाहतो. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिला आणि शेवटचा चित्रपट. अमेरिकेत त्याने सुमारे ६ कोटी डॉलरची तिकिटे विकली, जी मर्फीच्या हिशेबाने नापासाची रक्कम ठरली. त्यानंतर त्याने पुन्हा दिग्दर्शन केले नाही. क्लब सोडून जाणाऱ्या शुगर रेची कथा लिहिणाऱ्याने स्वतःचा क्लबही एकाच रात्रीनंतर बंद केला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात स्पाइक ली यांचा ‘डू द राइट थिंग’ आला होता. डॅनी आयेलो आणि रॉबिन हॅरिस दोन्ही चित्रपटांत आहेत. आयेलोचा तिथला पिझ्झावाला आणि इथला पोलीस यांच्यात फरक केवढा! तिथे तुम्हाला त्याचा राग आणि दया एकाच वेळी येते. इथे तो आल्याबरोबर कळते की हा शेवटी कुठेतरी कोंडला जाणार. तो बँकेच्या तिजोरीत कोंडला जातो.

कडू कारले

मालकीबद्दल जे लिहिले ते वाचून माझा विरोध थोडा मवाळ झाला, पण प्रायरबद्दलचा मुद्दा आपण टाळलात. जगातल्या सर्वांत प्रक्षोभक विनोदकाराला आणून त्याला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगायला लावणे ही उधळपट्टी नव्हे का?

रात्रपाळी

टाळला नाही, मागे ठेवला होता, कारण त्यावर लिहिताना हात जड होतो. प्रायरला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा हालचाली हळूहळू जखडणारा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान १९८६ साली झाले होते. चित्रपटात तो बारीक झालेला दिसतो, हालचाली मोजक्या आहेत. ज्या माणसाचे अंग बोलत असे, जो मंचावर एकटा कुत्रा, हरीण, हृदयविकाराचा झटका ही सगळी पात्रे शरीराने उभी करत असे, तो इथे बहुतेक वेळ बसून किंवा टेकून बोलतो. हे कळल्यावर शुगर रेचे शांतपण वेगळे दिसू लागते. क्विक पिस्तुलाला हात घालतो आणि रे त्याला आवाज न चढवता थांबवतो, असे प्रसंग यात अनेक आहेत. त्यांत प्रायर फक्त पाहतो आणि तेवढ्याने भागते.

आणखी एक गोष्ट. प्रायर इलिनॉयमधल्या पिओरिया गावी आजीच्या कुंटणखान्यात वाढला. आजीनेच त्याला वाढवले. मर्फीने त्याला ज्या घराचा मालक केले आहे त्या घरात एक पोरका मुलगा अशाच बायकांच्या आणि जुगाऱ्यांच्या सोबतीने मोठा झालेला आहे. प्रायरला ती भूमिका करताना काय वाटले असेल ते मी सांगू शकत नाही, पण व्हेराच्या मुलींकडे रे ज्या सवयीच्या, कसलाही अचंबा नसलेल्या नजरेने पाहतो, ती नजर अभिनयाच्या शाळेत मिळणारी नाही.

सातवी खिडकी

आणि हा चित्रपट लोकप्रिय कधी झाला? आपण सुरुवातीला ‘फसलेला’ म्हणालात.

रात्रपाळी

चित्रपटगृहांतून उतरल्यावर. व्हिडिओ कॅसेट आणि केबल यांनी त्याला वाचवले. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांत तो सणासुदीला सगळे जमल्यावर लावायचा चित्रपट झाला, ज्याची वाक्ये पडद्यावर यायच्या आधीच घरातले म्हणतात. व्हेराची करंगळी, भावाच्या मृत्यूने रडत रडत मशीनगन चालवणारा अर्सेनिओ हॉल, आणि सनशाइनच्या (लेला रोशॉन) बिछान्यातून घरी फोन करून ‘मी आता कधीच घरी येणार नाही’ असे बायकोला सांगणारा तो पैशांची ने-आण करणारा गुंड, ही त्यांच्या तोंडपाठ झालेली ठिकाणे आहेत. फॉक्सच्या चावट ध्वनिमुद्रिका ज्या बैठकीच्या खोलीत वाजत होत्या, त्याच खोलीत हा चित्रपट जाऊन बसला.

फॉक्स आणि डेला रीस यांच्या भांडणांवर मर्फी इतका खूश झाला की त्या दोघांना नवरा-बायको करून त्याने ‘द रॉयल फॅमिली’ ही मालिका उभी केली. ती १९९१ च्या सप्टेंबरात सुरू झाली. ११ ऑक्टोबरला तालमीच्या वेळी फॉक्स सेटवर कोसळला. ‘सॅनफर्ड अँड सन’ मध्ये छातीवर हात ठेवून झटका आल्याचे सोंग करणे हा त्याचा ठरलेला विनोद होता, त्यामुळे आजूबाजूच्यांना आधी वाटले की तो तेच करतो आहे. त्या दिवशी तो गेला. रॉबिन हॅरिस त्याच्याही आधी, १९९० च्या मार्चमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला होता. प्रायर २००५ मध्ये. चार्ली मर्फी आणि डेला रीस दोघेही २०१७ मध्ये. टेबलाभोवतीच्या त्या दृश्यातला मर्फी आता जवळपास एकटा उरला आहे.

कडू कारले

ठीक आहे. येत्या रविवारी पुन्हा पाहतो. मत बदलेल याची खात्री देत नाही. गल्लीतला प्रसंग आला की मात्र पुढे ढकलणार.

रात्रपाळी

पुढे ढकलायचाच असेल तर डॉमिनिकचा ढकला. गल्लीत डेला रीस मार देते आहे. ती खाते ते फार उशिरा.